धरा ना बे

आमच्या भजनी मंडळात मी टाळ वाजवतो आणि रेकॉर्डिंग करतो. ही दोन कामं एकाच माणसाकडे असू नयेत, हे मला आता कळलं आहे. पण कामरगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि ज्याच्याकडे झेरॉक्सचं मशीन त्याला सगळ्याच यंत्रांतलं कळतं, असा आमच्या गावाचा ठाम समज. कोणाचा मिक्सर बिघडला तरी माझ्याकडे येतो. मी तो उलटा करून बघतो, हम्म् म्हणतो आणि परत देतो. तर मंडळात मोबाइलवर भजन भरून घ्यायची टूम निघाली तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. टाळ सोडून दुसरं काही मला वाजवता येत नाही, त्यामुळे तोही सोडता आला नाही.

मंडळ म्हणजे काही फार मोठा कारभार नाही. पेटीवाले काकाजी, ढोलकीवर माझा शाळेतला दोस्त, मागे टाळकरी चार-सहा, आणि पुढे माझा मोठा भाऊ. त्याला अख्खं गावच दादा म्हणतं. दादाचा आवाज गोड नव्हता. रुंद होता. तुरीच्या वावरातून त्यानं मजुराला हाक मारली की रस्त्यावरून जाणारी जीप थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, सवारी आहे. तो आवाज भजनाला बसला की पेटी, ढोलकी, टाळ सगळं त्याच्या अंगावर पांघरुणासारखं मावून जायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या भजनात पुढचा माणूस ओळ म्हणतो आणि मागचे ती धरतात. धरतात म्हणजे, तो थांबला की मग सुरू करतात असं नाही. त्याचा श्वास संपत आला की तो संपायच्या आधीच ओळ उचलायची, आणि मग त्यानं दम घ्यायचा. ओळ खाली पडू द्यायची नाही. पडली तर सगळे असे एकमेकांकडे बघतात, जसा कोणाच्या हातून आरतीचा दिवाच पडला. आणि मागच्यांमध्ये पहिल्यांदा धरणारा एक असतो, त्याच्यावर नजर ठेवून बाकीचे तोंड उघडतात. आमच्यात तो मी. हा मान मला आवाजामुळे मिळालेला नाही. दादाच्या श्वासाची मला लहानपणापासून सवय, एका वाकळेत झोपलेलो आम्ही, म्हणून मिळाला.

माझी सुरुवातीची रेकॉर्डिंगं हा मंडळाच्या करमणुकीचा विषय होता. पहिल्यांदा मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवला. ऐकलं तर नुसतं छन् छन् छन्. टाळ माझ्या छातीशी, मोबाइल छातीशी. मध्ये दादा आहे की नाही, ते देवालाच ठाऊक.

"भजन हाय का बंडीचे बैल?" काकाजींनी विचारलं.

दुसऱ्यांदा तो पेटीवर ठेवला. मग पेटीचा भाता आला, फुस् फुस्, आणि त्यावर काकाजींचा खोकला. तिसऱ्यांदा मी डोकं चालवलं आणि मोबाइल एका चिंधीनं पंख्याला लटकवणार होतो, पण दोस्तानं हात धरला. "स्टुडिओवाले," तो म्हणाला, "लाइट आली म्हंजे काय करसान?" तेव्हापासून माझं नाव स्टुडिओवाले पडलं ते पडलंच. पोहरादेवीच्या यात्रेत आमच्या गावच्या एका बाईनं मला गर्दीतून तीच हाक मारली, आणि शेजारचा एक अनोळखी माणूस लग्नाच्या फोटोचा भाव विचारू लागला.

दादा यातलं काहीच मनावर घ्यायचा नाही. "लहान्या," म्हणायचा, "भजन आइकाले असते का? भजन म्हनाले असते." आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी उघडायचा.

त्याचा आवाज बसला तो कार्तिकात. पहाटेचा काकडा, थंडी, दव. आम्हाला वाटलं, त्यानंच. वहिनीनं ज्येष्ठमध दिला, लवंग दिली, हळदीचं दूध दिलं. काकाजींनी खर्रा कमी करायला सांगितलं, तोंडात स्वतःचा खर्रा धरून. संक्रांत झाली, तरी आवाज काही उठला नाही. मग अकोल्याला गेलो, तिथून नागपूरला. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. चांगले होते ते, सावकाश बोलत होते. म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल, जीव वाचेल, पण आवाज परत येणार नाही.

बाहेर येऊन आम्ही दोघं चहाच्या टपरीवर उभे राहिलो. दादानं बशीत चहा ओतला, फुंकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाह्य. पेटी काकाजीची, अन् काढून राह्यले माही."

मी हसलो. हसता हसता काय झालं ते चहावाल्यानं बघितलं आणि न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला.

ऑपरेशनला थोडे दिवस होते. वहिनीनं मला बोलावलं ते तेव्हा. दादा वावरात गेला होता. ती चुलीपुढे बसली होती. घरात गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, त्याईचा आवाज धरून ठेवा कुठंतरी."

मी म्हटलं, "वहिनी, आपल्याजवळ लय रेकॉर्डिंग हायेत. मोबाइल भरला त्याच्यानं."

"मी आइकले ते सारे."

"मंग?"

"तुमीच हा त्याच्यात. हे कुठं हायेत?" तिनं भाकरी उलटली. "एक ओळ मले पुरी त्याईची नाई सापडली. हे म्हनाले लागले का तुमी साऱ्याईनं त्याईच्या आंगावर पडता."

मला राग यायला हवा होता. पण घरी येऊन ऐकलं, तर ती म्हणत होती ते खरं होतं. दादाची ओळ जिथे संपायला येते तिथे नेमके आम्ही. अर्थात आम्ही. तेच तर आमचं काम. इतक्या वर्षांत दादाच्या आवाजाचं शेवटचं टोक कोणी ऐकलंच नव्हतं. आम्ही तिथवर त्याला कधी एकट्याला जाऊ दिलं नाही.

आवाज वेगळा करून देणारं एक ॲप आहे असं कोणी सांगितलं. ते घेतलं, भजन त्यात घातलं. त्यानं ढोलकी एकीकडे काढली, पेटी एकीकडे काढली, माझा टाळसुद्धा काढला, आणि मोठ्या अभिमानानं म्हणालं, हा घ्या गायक. तो गायक म्हणजे आम्ही सगळे होतो. दादा आणि आम्ही, काही केल्या त्याला वेगळे करता येईनात.

मग सरळ उपाय. एका दुपारी मी दादाला घरात बसवलं. खिडक्या लावल्या, फ्रिज बंद केला, कोंबड्या हाकलल्या. मोबाइल धान्याच्या कोठीवर ठेवला, मध्ये उशी. वहिनीला सांगितलं, बांगड्यासुद्धा वाजता कामा नयेत. ती दाराआड उभी राहिली, हात पदरात गुंडाळून.

"म्हन," मी म्हटलं.

"काय म्हनू?"

"नावेचं म्हन."

नावेचं भजन दादाचं आवडतं. आमच्याच गावच्या कोणा जुन्या माणसानं केलेलं आहे. भक्त नदीच्या या काठावर उभा आहे आणि पलीकडच्या देवाला हाक मारतो, नाव घेऊन ये. आमच्या नदीत पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर बदकसुद्धा तरंगत नाही. पण भजन म्हणताना आम्हाला सगळ्यांना भरलेलं पाणी दिसायचं. त्यात ती हाक आहे. नुसता "ओ" आहे, लांबच लांब. पलीकडच्या काठापर्यंत पोचायला हवा ना.

दादानं डोळे मिटले. सुरुवात केली. पहिली ओळ म्हटली आणि थांबला.

"काहून थांबला?"

"तू धर ना."

"मी नाई धरत. आज तू एकटाच."

पुन्हा म्हणाला, पुन्हा तिथेच थांबला. मला वाटलं, गळा दुखत असेल. पण तसं नव्हतं. तो ओळीच्या शेवटाशी यायचा आणि आपोआप श्वास घ्यायचा, जागा मोकळी सोडायचा. आमची जागा. ती रिकामी राहिली की त्याला पुढची ओळ आठवायची नाही. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं त्याचं तोंड व्हायचं. तिसऱ्या खेपेला तो उठला.

"नाई होत बावा. कोनी धरनारंच नाई, त म्हनू कोनाले?"

दाराआड बांगड्या वाजल्या. वहिनी आत निघून गेली होती.

त्यानंतर भजनाचा एकच कार्यक्रम उरला होता. इंझोरीला ओळखीच्या एका घरी वास्तुशांत होती, त्यांचं आमंत्रण आधीपासूनचं. मंडळानं नाही म्हणायचं ठरवलं होतं. दादाच म्हणाला, जाऊ. "मंग काय, घरी बसून गळ्याले मालिश करू?" आम्ही जीप केली. वहिनीही आली, जेवणाला म्हणून. जीपमध्ये बाजूला काकाजींच्या मांडीवर पेटी, आणि ती प्रत्येक खड्ड्याला आपोआप एक सूर काढत होती.

नव्या घराला रंगाचा वास होता. दुपारची वेळ, मांडवात बायका, माणसं, जेवणाच्या पंगती एका बाजूला. या वेळी मी पक्की तयारी केली होती. मोबाइल दादाच्या अगदी समोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून, फोन येऊ नयेत अशी व्यवस्था करून. मी स्वतः सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसलो. टाळाला आतून फडकं बांधलं. दोस्त म्हणाला, "टाळाले लंगोट घातला का स्टुडिओवाले?" एवढं करूनही दादाची ओळ पुरी मिळणार नव्हती, हे मला कळत होतं. धरणं तर सोडता येत नव्हतं. पण निदान जवळून मिळेल.

दोन-तीन भजनं झाली. आवाज घोगराच होता. पण तापलेल्या तव्यावर भाकरी सुटून येते तसा हळूहळू मोकळा झाला. तो जुना रुंद आवाज नव्हे. त्याची वाळलेली वाट म्हणा. पाणी गेलं तरी नदी कुठून जात होती ते दिसतं, तसा. पंगतीत वाढणारे उभे राहून ऐकायला लागले.

मग नावेचं भजन आलं. दादानं हाक घेतली. "ओ…"

आणि तेवढ्यात तांब्याला टेकवलेल्या मोबाइलचा उजेड गेला. पडदा काळा.

स्क्रीन बंद झाली तरी रेकॉर्डिंग चालू राहतं, हे माझ्या मोबाइलबद्दल मला माहीत होतं. ज्या माणसाच्या हाती मिक्सर देऊन लोक निर्धास्त घरी जातात त्याला एवढं माहीत असायलाच हवं. पण त्या क्षणाला माझ्या डोक्यात एकच, बंद पडलं. गेलं. मी टाळ मांडीवर टाकला आणि दोन माणसांच्या मधून मान लांब करून ते लाल टिंब दिसतं का बघायला लागलो. माझ्याकडे बघून तोंड उघडणारे चार-सहा जण तोंड मिटून माझ्याकडेच बघत राहिले. ढोलकी थांबली. काकाजींचा भाता थांबला.

दादाची हाक चालूच होती.

तो वाट बघत होता. आम्ही धरू म्हणून त्यानं ती लांबवली. आणखी लांबवली. मी मान वर केली तेव्हा त्याच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, डोळे मिटलेले, आणि आवाज बारीक होत चालला होता. आता धरायला हवं होतं मला. पण मी नुसता ऐकत राहिलो. जन्मात पहिल्यांदा मी दादाला तिथपर्यंत ऐकत होतो. आवाज बारीक झाला, मग त्यात नुसती हवा आली, मग एक लहानसा तडा, आणि मग काहीच नाही. ओळ पडली.

बाहेर कावळा ओरडला. कोणाच्या तरी हातून वाटी घरंगळली.

दादानं डोळे उघडले. मागे वळला. दम लागलेला होता, पण ओरडला तो अगदी वावरातल्यासारखा:

"धरा ना बे!"

सगळा मांडव हसला. दादाही हसला. काकाजी म्हणाले, "स्टुडिओ बंद पडला होता जी!" आणि पुन्हा एकदा हसणं. मग मी टाळ उचलला, हाक पुन्हा झाली, आम्ही ती वेळेवर धरली, सगळ्यांनी दुप्पट जोरानं, आणि भजन पार पडलं. बायकांच्या गर्दीत मी वहिनीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. हात पदरात गुंडाळून बसली होती, त्या दिवशीसारखी.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले तसंच झालं, दोन्ही बाबतींत. दादा घरी आला, गळ्याला मफलर. गळ्यात जे भोक ठेवलं आहे त्यातून तो श्वास घेतो, म्हणून मफलर सैल बांधायचा. आता तो बैलांना शीळसुद्धा घालू शकत नाही. टाळी वाजवतो, आणि बैलांना ते कळायला लागलं आहे. माणसांना वेळ लागतो. गावात लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलतात, जसा काही तो बहिरा झाला. वैतागला की तो माझ्याकडे बघून डोळा मारतो.

मंडळ चालू आहे. पुढे आता मी बसतो. त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं. परवाच एका म्हातारबुवांनी भजन संपल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "टाळ काहून सोडला बाप्पा? चांगला वाजवत जाय तू." दादा मागे बसतो, माझा टाळ घेऊन. माझा श्वास संपत आला की तो टाळ उचलतो, त्याच्याकडे बघून बाकीचे तोंड उघडतात. धरायच्या वेळेला तो एकदाही चुकलेला नाही.

इंझोरीचं रेकॉर्डिंग मी वहिनीच्या मोबाइलवर टाकून दिलं होतं. पुरं दिलं, काही कापलं नाही. तिनं ते ऐकलं की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

मागच्या महिन्यात सोयाबीन काढायच्या गडबडीत एका सकाळी मी ताडपत्री मागायला दादाकडे गेलो. फाटकाशी चपला काढल्या आणि थांबलो. आत नावेचं भजन चालू होतं. अंगणात दादा बाजेवर बसला होता, विळ्याला धार लावायची सोडून. वहिनी चुलीपुढे, मोबाइल परातीशेजारी, पिठाचा हात लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. दोघांपैकी कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.

ती हाक आली. पिशवीतून जरा दबलेली. लांबली, आणखी लांबली. मला पुढचं माहीत होतं. तो बारीक होणारा आवाज, ती हवा, तो तडा, आणि मग ते पडणं. मी फाटकाची कडी धरून उभा राहिलो.

पण तडा यायच्या आधी वहिनीनं ओळ धरली.

आमच्या मंडळात बायका म्हणत नाहीत. वहिनीला मी देवापुढेसुद्धा मोठ्यानं आरती म्हणताना ऐकलेलं नव्हतं. आवाज बारीक, थोडा कापरा, सुरात होता असंही म्हणता येणार नाही. पण जिथे धरायला हवं नेमका तिथे. दादाचा आवाज तिच्या आवाजाखाली विझत गेला आणि तो विझल्याचं कळलंसुद्धा नाही. हातातली भाकरी थापता थापता तिनं ओळ पुरी केली. बाजेवर दादाचं एक बोट ठेका देत होतं. त्यावरून कळलं की हे आजचं नाही. रोजचं असावं.

मोबाइलला यातलं काय कळणार. तो ठरल्याप्रमाणे खेकसला:

"धरा ना बे!"

वहिनीनं भाकरी तव्यावर टाकली.

"धरलं ना, जी," ती मोबाइलला म्हणाली. "धरलं."

दादाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. त्याच्या हसण्याचा आता आवाज येत नाही. मफलर तेवढा वर-खाली होतो. मी कडी न वाजवता चपला हातात घेतल्या, आणि ताडपत्री दुसऱ्या घरून मागितली.